सावलीकडची सीट

सुखदेव मास्तर कोणत्याही वस्तूला आधी हात लावत आणि मग तिच्याबद्दल बोलत. एसटीच्या डेपोत तीस-बत्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढल्यामुळे लागलेली ती सवय होती. एकदा धाडच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या गायन पार्टीला न्यायला जीप तासभर उशिरा आली. जीपवाला शपथेवर सांगत होता, "मास्तर, सरळ येऊन राह्यलो, कुठंच थांबलो नाही. रस्ताच खराब हाय." मास्तरांनी बॉनेटवर तळहात ठेवला. ते जेमतेम कोमट होतं. त्यांनी विचारलं, "भजे गरम होते का थंडे?" जीपवाल्याला हसू आवरेना. भजी गरम होती, असं त्याने चिखलीपर्यंत तीनदा कबूल केलं.

डेपोत ते मेकॅनिक होते. 'मास्तर' हे नाव बुद्धविहारातलं. संध्याकाळी हात रॉकेलने धुऊन, वर साबण लावून ते विहारात पोरापोरींना पेटी शिकवत. मेहकर-डोणगाव भागातल्या बिघडलेल्या पेट्याही त्यांच्याकडेच यायच्या, भजनी मंडळाच्या, शाळेच्या, कुणाच्या आजोबांच्या. पेटी आणि बस यांत त्यांनी कधी फरक केला नाही. पेटीवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावत आणि मालकाला विचारत, "आवाज कुठं करते? चढावर का उतारावर?" मालक गोंधळला की समजावत, "वरच्या सुरात का खालच्या, ते सांग नं भाऊ."

गल्लीत कुणाचं भांडण झालं आणि लोक लगेच मिटवायला धावले की ते म्हणत, "थांबा बे. रेडिएटरचं झाकण तापल्यावर उघडू नये. तोंड पोळते."

माझं बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मलाही चार शब्द बोलायला लावलं. मी सांगितलं की मास्तरांचं अकॉर्डियन परदेशातून मागवायला मी मदत केली होती. लोकांनी कौतुकाने माना हलवल्या. मी खोटं बोललो नव्हतो, पण जे सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं गावात माझ्याशिवाय दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले मास्तर गेले आणि त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू कुणाला सांगणार नाहीत. म्हणून मीच लिहितो आहे.

मास्तरांना अकॉर्डियन हवं होतं ते चालण्यासाठी. हे त्यांनी मला ज्या दिवशी सांगितलं तो दिवस आठवतो. माझ्या दुकानात गर्दी होती. ते बाकावर शांत बसून राहिले आणि सगळे गेल्यावर म्हणाले, "दिलीप, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी चाळीस वर्षं ट्रॉलीवर बसून पेटी वाजवली. पेटी मांडीवरून उठत नाही, म्हणून मीही उठत नाही. सारं गाव पायी चालते अन् मी ट्रॅक्टरवर, नवरदेवावानी. मले एकदा लोकांत चालत वाजवायचं हाय. गळ्यात अडकवायची पेटी असते, ती पाह्य."

तरुणपणी एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्यांना अर्धा तास ती वाजवू दिली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती.

शोधता शोधता इटलीतला एक म्हातारा कारागीर सापडला. जुनी अकॉर्डियनं दुरुस्त करून विकणारा. त्याला मराठी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. मी मराठीत टाईप करायचो, कॉम्प्युटर भाषांतर करायचा, तिकडून उत्तर आलं की मी मास्तरांना वाचून दाखवायचो. त्या दोघांचं चांगलं जमलं. त्याने भात्याचे फोटो पाठवले, मास्तरांनी आपल्या अंगठ्याचा फोटो पाठवला, किती जाड आहे ते कळावं म्हणून.

खरी अडचण आली ती भाड्याची. वाद्याच्या किमतीच्या जवळजवळ निम्मं विमानाचं भाडं होतं, वर विमा, वर सरकारी जकात. आकडा ऐकून काकू म्हणाल्या, "एवढ्यात तर तुम्हीच इटलीले जाऊन वाजवून याल."

मी जहाजाचा स्वस्त मार्ग सुचवला. मास्तरांनी विचारलं, "जहाजाच्या पोटात काय असते?"

"काय असणार? माल. महिना-दीड महिना लागते."

"अन् खाली पाणी. महिनाभर ओल. आत पोलादाचे सूर हायेत, गंजून येतीन. विमानानं बोलाव."

मग मी दुसरी युक्ती सांगितली, जी आमच्या धंद्यात सगळेच सांगतात. किंमत कमी लिहायला सांगू, 'भेटवस्तू' म्हणू, जकात वाचेल. मास्तरांनी विचारलं,

"अन् रस्त्यात फुटली तर विमावाला किती देईन?"

"जेवढी लिहिली तेवढीच."

"मंग? डेपोत जुना पार्ट नवा म्हणून लिहिला तर कागद नाही मरत बाबू, घाटात माणूस मरते. खरी लिही."

खरी लिहिली. पेटी मुंबईला जकातीत अडकली, तिथल्या अधिकाऱ्यांनी पावती मागितली, फोटो मागितले, जुनं की नवं ते विचारलं. सगळं खरं असल्यामुळे मला कुठेच काही आठवून लिहावं लागलं नाही. खरेपणाची ही सोय मला तेव्हा पहिल्यांदा कळली. पुढे फार दिवस लक्षात राहिली नाही.

इटलीवाल्याने एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. अकॉर्डियनच्या आतले सूर, म्हणजे त्या बारीक पोलादी पत्त्या, लाकडावर मेणाने बसवलेल्या असतात. मधमाशीचं मेण आणि राळ. ऊन लागलं की मेण वितळतं आणि सूर गळून पडतात. मास्तरांना हे एवढं पटलं की त्यांनी खोक्यावर चारी बाजूंनी 'ऊन लागू देऊ नका' असं मराठीतही लिहून पाठवायला सांगितलं. तो मजकूर मीच टाईप करून इटलीला पाठवला. त्या म्हाताऱ्याने तो छापून चिकटवला. म्हणजे ते अक्षर न् अक्षर माझं होतं.

मार्चच्या शेवटी पेटी अकोल्याला आली. शेवटचा टप्पा भलत्याच गाडीतून नको, असं मास्तरांचं म्हणणं. ते स्वतः यायला निघाले होते. मीच त्यांना अडवलं. "मास्तर, ऊन किती तापून राह्यलं! तुम्ही घरीच थांबा. मी कारनं आणतो."

"उघडून पाह्यजो. तीन सूर वाजव, वरचा, मधला, खालचा. मंगच सही कर. सही केली की विमा गेला."

अकोल्याच्या गोदामात मी खोकं उघडलं. अकॉर्डियन गडद लाल होतं. तीन सूर वाजवले. तिन्ही लख्ख वाजले. गोदामातला हमाल पोतं खाली ठेवून ऐकत उभा राहिला. मी सही केली. मास्तरांना फोन लावणार होतो, पण म्हटलं, समोरच ऐकवू.

वाटेत डोणगावला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता टाकायच्या आणि दहा मिनिटांत निघायचं, असं ठरवून मी थांबलो. गाडी एका कडुनिंबाच्या दाट सावलीत लावली. कुणी पेटीला हात लावू नये म्हणून काचा पूर्ण वर केल्या, दारं लॉक केली, दोनदा ओढून पाहिली. मला वाटलं, किती काळजीने वागतो आहे मी.

नवरदेव पारावरून हलेना. त्याचे मित्र बँडसमोर नाचत होते. लग्न लागायला दीड तास उशीर झाला. मग मावसभावाने हात धरून पंगतीत बसवलं. "मुलीचं लग्न हाय अन् तू उपाशी जाशील काय?" मी जेवलो. बुंदी दुसऱ्यांदा घेतली. ही बुंदी मला पुढे किती दिवस छळत होती ते काय सांगू.

परत आलो तेव्हा कडुनिंब जागेवर होता आणि सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. पन्नाशीला आलेल्या, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सावली सरकते हे सुचू नये? दार उघडलं तर तोंडावर भट्टीची वाफ आली. पेटी धरवेना. तिथेच, मागच्या सीटवर वाकून मी ती उघडली, भाता ओढला. एकाच वेळी तीन-चार सूर कण्हल्यासारखे निघाले आणि आत खडे हलावेत तसा खुळखुळ आवाज झाला.

डोणगाव ते मेहकर रस्ता मोठा नाही. तेवढ्यात मी खोटं तयार केलं.

मास्तर ओट्यावरच उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. काकूंनी दारात सतरंजी अंथरली होती. मी पेटी ठेवली. मास्तरांनी नेहमीप्रमाणे आधी तिच्यावर तळहात ठेवला. नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवला. मग उघडली, गळ्यात अडकवली, भाता ओढला.

तो आवाज ऐकून काकू आतून बाहेर आल्या.

मी म्हणालो, "मास्तर, माझी चूक झाली. गोदामात घाई होती, मी न उघडताच सही केली. तिकडूनच अशी आली असंल."

मोठी चूक लपवण्यासाठी मी लहान चूक कबूल केली होती. त्या क्षणी डोळ्यांत पाणीही आलं आणि ते खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मास्तरांनी पेटी हळूच उतरवली. म्हणाले, "सही झाली नं? मंग आता त्याची काय गोष्ट. चहा घे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती खोलली. इंजिन खोलताना करत तसंच, जमिनीवर पांढरं धोतर पसरून, प्रत्येक सूर ओळीने, शेजारी खडूने आकडा. दोनशेच्या वर सूर असतील. मी रोज दुकान बंद करताना तिथे जाऊन बसायचो. न जाणं जमत नव्हतं आणि गेल्यावर बोलणं जमत नव्हतं. काकू चहा द्यायच्या, तो मी मुकाट पीत असे.

"इटलीवाल्याले तक्रार लिहू का?" मी एकदा विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"तक्रार नाही. मेण कसं बनवता, राळ किती टाकता, एवढंच इचार."

चौदा एप्रिल आली. मिरवणूक बसस्टँडवरून जाते. निळे झेंडे, निळा गुलाल, पोरं, म्हाताऱ्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, सगळे पायी. मागे ट्रॅक्टर, आणि ट्रॉलीत मास्तर बसलेले, मांडीपुढे तीच जुनी पेटी. एक्केचाळिसावं वर्ष. त्यांनी मला दुकानाच्या दारात पाहिलं आणि पेटीवरचा एक हात काढून वर केला. मी हात वर केला नाही. मी शटर अर्धं ओढून आत जाऊन बसलो, मिरवणूक पार जाईपर्यंत.

आठवड्याने इटलीचं उत्तर आलं. मेणाची कृती होतीच, पण त्याच्या खाली बरंच काही होतं. 'माझं मेण सुटलं असणार हे तुमच्या प्रश्नावरूनच मला कळलं,' असं त्याने लिहिलं होतं. 'मी आता ऐंशीच्या घरात आहे, हात थरथरतात, कदाचित मेण नीट बसलं नसेल. मला दोन रात्री झोप आली नाही. विमानाचं भाडं मी परत पाठवतो, कृपया खाते क्रमांक कळवा. आणि यापुढे मी वाद्य दुरुस्त करणं बंद करावं म्हणतो.'

हे पत्र जगात फक्त मला वाचता येत होतं. मी मास्तरांना नुसती कृती वाचून दाखवली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. खरं सांगतो, दुपारभर मी तसाच विचार केला. पण हजारो कोस दूर एक म्हातारा माझ्या बुंदीपायी आपला धंदा बंद करणार होता.

संध्याकाळी गेलो. मास्तर धोतराशेजारी बसून एक सूर चिमट्यात धरून उजेडाकडे बघत होते. मी पत्र वाचलं. सगळं. शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

"मास्तर, त्याची चूक नाही."

"मले माहीत हाय."

"अकोल्याले मी पेटी उघडली होती. तिन्ही सूर चांगले वाजले. मंग डोणगावले लग्नात..."

"तेही माहीत हाय."

त्यांनी मागे हात लांबवून स्क्रू ठेवायची डबी काढली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. तीन तांदूळ होते. हळद-कुंकू लावलेले, थोडे काळपटलेले.

"भात्याच्या घडीत सापडले. इटलीतही लग्नं लागत असतीन, पण तिकडून अक्षता येत नाहीत बाबू. तुह्या खांद्यावरून पडल्या असतीन. डोणगाव बिणगाव मले मंग कळलं, कोणाच्या घरचं लग्न होतं ते. पण पेटी आली तवा तापलेली होती. ओट्यावरच समजलं मले."

मी सतरंजीवर बसलो. "मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"तापलं होतं नं सारं. तूही, मीही. मी त्या दिवशी बोललो असतो तर लई वाईट बोललो असतो, दिलीप. लई वाईट. चार दिवस तर मले तुहं तोंड पाहू वाटत नव्हतं. तू मात्र रोज येऊन बसे."

काकू दारातून म्हणाल्या, "रोज म्हणत, आज सांगीन तो, आज सांगीन. मी म्हटलं, तुम्हीच सांगून टाका, त्याच्या पोटात दुखत असंल. तर म्हणे, नाही, त्याचं त्याले सांगू दे. मले काही एवढा धीर नाही बाप्पा. मी तवापासून याच्या चहात साखर टाकली नाही."

"मले वाटलं, तुमच्या घरी कोणाले डायबेटिस निघाला," मी म्हणालो.

मास्तर हसायला लागले. चिमट्यातला सूर पडेल म्हणून त्यांनी तो आधी नीट खाली ठेवला आणि मग पोट धरून हसले. मी रडत होतो की हसत होतो, मलाच कळत नव्हतं. छातीवरून कुणीतरी गच्च बसलेलं उठलं, एवढं कळलं. काकूंनी त्या दिवशी चहात इतकी साखर टाकली की तो पिववेना. मी दोन कप प्यालो.

मग मास्तर म्हणाले, "पहिले त्या बुढ्याले लिही. आत्ता, इथंच, मोबाइलवर. त्याची झोप गेली."

ते सांगू लागले, "लिही, आमच्या गावचं ऊन लई..."

"ऊन नाही, मास्तर. मी." आणि मी सगळं लिहिलं. कडुनिंब, काचा, बुंदी. बुंदीला कॉम्प्युटरने इटालियनमध्ये काय केलं ते ठाऊक नाही. उत्तर सकाळी आलं. 'तुमचे उपकार. काल मी झोपलो. आज दुकान उघडलं आहे.'

मास्तरांनी मला माफ केलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांनी मला कामाला लावलं. "तूच पातळ केलं, आता तूच घट्ट कर." रोज संध्याकाळी मी मेण आणि राळ वितळवायचो. इटलीची कृती इथल्या उन्हात टिकते का, हे बघायला मास्तरांनी वेगवेगळ्या प्रमाणांच्या सहा गोळ्या करून पत्र्यावर ठेवल्या. भर दुपारी काकू छत्री घेऊन बघायला जायच्या आणि खाली ओरडून सांगायच्या, "दोन नंबर गेली! चार नंबर बसली!" पाच नंबर टिकली. तिच्यात राळ जरा जास्त होती. मास्तरांनी तिची कृती इटलीला कळवली, त्यांच्याकडे कधी ऊन पडलं तर असावी म्हणून.

बुद्धपौर्णिमेला ते चालले. चौदा एप्रिलएवढी मोठी मिरवणूक नव्हती ती. दोन-अडीचशे माणसं, हातात मेणबत्त्या, पांढरे कपडे. मास्तर मधोमध. लाल अकॉर्डियन छातीवर, पट्टे दोन्ही खांद्यांत, आणि पावलं अडखळत, कारण वाजवत चालायची त्यांना सवय नव्हती. एक लहान मुलगी त्यांच्या पुढे उलटी चालत त्यांच्या बोटांकडे बघत होती. विहारात पोचल्यावर मास्तर माझ्याकडे आले. घामाने शर्ट चिकटला होता. माझा हात धरून त्यांनी पेटीवर ठेवला.

"पाह्य," ते म्हणाले, "गार हाय."

पुढच्या चौदा एप्रिललाही ते चालले. बसस्टँडवरून गेले तेव्हा मी दुकानाबाहेर उभा होतो. या वेळी आधी मी हात वर केला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी मे महिन्यात, स्टँडवर. धाडला कुणाच्या तरी घरी कार्यक्रम होता. सकाळची नऊ-साडेनऊची वेळ. पेटी त्यांनी छातीशी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, पुढं बॉनेटजवळ ठेवा नं, तिथं जागा हाय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिचकावले. "तिथं नको भाऊ. तिथं गरम होते. डोणगावच्या लग्नावानी."

कंडक्टरला काही कळलं नाही. मी मान खाली घातली, पण हसू आलं. वर्षभरापूर्वी याच गोष्टीवर मी कधी हसेन असं कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

मग त्यांनी आकाशाकडे बघून हिशेब केला. बस मावळतीकडे जाणार, ऊन मागून, उजवीकडून येणार. डावीकडची खिडकी पेटीला. पेटीचं पूर्ण तिकीट काढलं. स्वतःचं अर्धं, म्हातारपणाचं. कंडक्टर म्हणाला, "अहो, सामानाले सीट कायले?"

"सामान नाही, पाहुणी हाय. विमानानं आलेली."

बस निघाली. पण स्टँडच्या फाटकातून बाहेर पडायला ती आधी उलटी वळते, आणि वळताना क्षणभर ऊन डावीकडच्या खिडकीत शिरलं. मी बाहेरून बघत होतो. मास्तर जागेवरून अर्धे उठले आणि खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून त्यांनी पेटीवर पसरला. बस सरळ झाली, ऊन त्यांच्या बाजूला गेलं. त्यांच्या उघड्या डोक्यावर. पेटी सावलीत होती, आणि तिच्यावर त्यांचा तळहात होता.